विश्लेषण : हिलसा एक, घराणी अनेक? अंगकाठीवरून स्थलांतरित माशांचे समूह कसे ओळखतात?

कोलकात्याच्या मासळी बाजारात हिलसा घेणारे गिऱ्हाईक भावाच्या आधी एक प्रश्न हमखास विचारते, ‘पद्मेचा आहे ना?’ विक्रेताही मासा आडवा धरून दाखवतो. अंग गोलसर, पोटाकडे रुंद, चकाकी जास्त असेल तर तो पद्मेचा. शेलाटा असेल तर दुसरीकडचा, असा बाजाराचा ठोकताळा. गिऱ्हाईक त्यावर विश्वास ठेवून जास्त पैसे मोजते.

हा ठोकताळा कितपत खरा, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही जुनाच आहे. हुगळी नदी आणि चिल्का सरोवर येथील हिलसाच्या शरीराची मोजमापे घेऊन त्यांची तुलना करणारा टी. व्ही. आर. पिल्ले यांचा अभ्यास १९५७ मधला. मात्र आता हा प्रश्न चवीचा किंवा भावाचा राहिलेला नाही. मासेमारी कधी बंद ठेवायची, धरणातून माशाला वाट कोठे द्यायची आणि नदीत मासे सोडायचे तर कोणते, हे सारे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

हिलसा चर्चेत का असतो?

हिलसा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत शिरून प्रवाहाविरुद्ध वर चढतो. बंगाली लोक त्याला इलिश म्हणतात, सिंधी पल्ला आणि आपल्या किनाऱ्यावर तो पाला. बांगलादेशचा तो राष्ट्रीय मासा असून जगात पकडल्या जाणाऱ्या हिलसापैकी निम्म्याहून बराच अधिक त्या देशात पकडला जातो. तेथील उत्पादन २०२२-२३ मध्ये सुमारे ५.७१ लाख टन होते, ते २०२३-२४ मध्ये सुमारे ५.२९ लाख टनांवर आले.

दुर्गापूजेच्या तोंडावर हा मासा दोन देशांमधल्या राजकारणाचा विषय होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये बांगलादेशच्या अंतरिम सरकारने भारताला हिलसा देण्यास आधी नकार दिला आणि नंतर निर्यातीला मर्यादित परवानगी दिली. २०२५ मध्ये पूजेसाठी १,२०० टनांची परवानगी मिळाली. त्यापाठोपाठ ऑक्टोबरमध्ये प्रजननाच्या काळात बांगलादेशात २२ दिवस हिलसा पकडण्यावर, विकण्यावर आणि वाहतुकीवर बंदी असते. २५ सेंटिमीटरपेक्षा लहान हिलसा, ज्याला तिकडे जाटका म्हणतात, पकडण्यास नोव्हेंबर ते जून असे आठ महिने मनाई असते. पश्चिम बंगालमध्ये ही मर्यादा २३ सेंटिमीटरची आहे.

समुद्रातील बंदीच्या तारखाही दोन्ही देशांत वेगळ्या होत्या. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून, तर बांगलादेशात २० मे ते २३ जुलै. एका देशाच्या नौका बंदरात उभ्या असताना दुसऱ्या देशाच्या नौका मासे धरत, अशी तक्रार त्यामुळे वर्षानुवर्षे होती. २०२५ पासून बांगलादेशने आपली बंदी १५ एप्रिल ते ११ जून अशी करून घेतली आणि हे अंतर जवळजवळ मिटले. पण या सर्व नियमांमागे एक गृहीत आहे, ते म्हणजे हिलसा सगळीकडे सारखाच. ते गृहीत तपासण्याचे एक स्वस्त साधन म्हणजे माशाची अंगकाठी.

एकाच जातीत वेगवेगळे समूह कसे तयार होतात?

समुद्रात एकत्र फिरणारे मासे अंडी घालताना वेगवेगळ्या नद्यांत, किंवा एकाच नदीत वेगवेगळ्या ऋतूंत जात असतील, तर त्यांचे आपापसांत प्रजनन फारसे होत नाही. पिढ्यानुपिढ्या असे घडले की जात एकच राहूनही तिच्यात निरनिराळी घराणी तयार होतात. मत्स्यशास्त्रात व्यवस्थापनाच्या दृष्टीने अशा प्रत्येक घराण्याला ‘साठा’ किंवा ‘स्टॉक’ म्हणतात. ज्याची पैदास स्वतंत्र, त्याचा हिशेबही स्वतंत्र ठेवायचा, हा त्यामागचा विचार.

ही कल्पना युरोपात हेरिंग या माशावरून रुजली. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश हाइंके यांनी हजारो हेरिंग माशांचे मणके, पर आणि इतर अवयव मोजून १८९८ मध्ये दाखवले की उत्तर समुद्र आणि आसपासचे हेरिंग एकाच कळपातले नाहीत. त्यांचे स्थानिक प्रकार आहेत. त्यापूर्वी उत्तरेकडून येणारा एकच अजस्र थवा सगळ्या किनाऱ्यांवर फिरतो, असा समज होता.

शरीराची ठेवण बदलण्यामागे कारणेही असतात. कॅनडातील फ्रेझर नदीत सॉकआय सामन मासे समुद्रातून परततात. त्यातले काही समूह मुखाजवळच अंडी घालतात, तर काही हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून डोंगराळ भागात जातात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की लांबचा आणि चढाचा प्रवास करणारे मासे आकाराने लहान, अंगाने निमुळते असतात, निघताना चरबी अधिक साठवतात आणि अंडी कमी धरतात. जवळ जाणाऱ्यांना ही काटकसर करावी लागत नाही.

अंगकाठी मोजतात कशी?

पूर्वी लांबी, डोक्याची लांबी, शरीराची रुंदी अशी काही ठरावीक मापे घेत. त्यातली बरीचशी मापे डोके ते शेपूट याच दिशेने जात आणि शरीराचे काही भाग मोजायचे राहूनच जात. १९८२ मध्ये रिचर्ड स्ट्रॉस आणि फ्रेड बुकस्टाइन यांनी ‘ट्रस’ ही पद्धत मांडली. लोखंडी पुलाच्या किंवा छपराच्या कैचीत जशा उभ्या, आडव्या आणि तिरप्या पट्ट्या असतात, तशी जाळी माशाच्या अंगावर कल्पायची, इतकी ती सोपी आहे.

मासा आलेखाच्या कागदावर डाव्या कुशीवर किंवा उजव्या कुशीवर, पण दर वेळी एकाच बाजूने ठेवतात. पर पसरवून टाचण्या लावतात. कॅमेरा वरून सरळ रोखून छायाचित्र घेतात. मग संगणकावर ठरलेल्या खुणा टिपतात : तुंडाचे टोक, डोक्याचा मागचा काठ, पाठीवरच्या पराची सुरुवात आणि शेवट, पोटाकडच्या परांची मुळे, शेपटीचे वरचे आणि खालचे मूळ. प्रत्येक माशावर या जागा नेमक्या सापडतात, म्हणून त्या निवडलेल्या असतात. अशा दहा खुणा जोडल्या की २१ अंतरे मिळतात आणि माशाचा सांगाडा आकड्यांत उतरतो.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची. मोठ्या माशाची सगळीच अंतरे मोठी असणार. त्यामुळे आधी गणिताने आकारमानाचा प्रभाव काढून टाकावा लागतो. उरते ती निव्वळ ठेवण, म्हणजे त्याच लांबीच्या माशात पोट किती खोल आहे, शेपटीकडचा देठ किती बारीक आहे, पर पुढे आहे की मागे. मग कोणत्या मापांमुळे दोन ठिकाणचे मासे वेगळे पडतात, हे संख्याशास्त्राने शोधतात.

शेवटी परीक्षा. मासा कोठला ते न सांगता फक्त मापे देऊन संगणकाला त्याचे ठिकाण ओळखायला लावतात. येथे वाचकाने सावध असावे. दोन नद्यांमधून सारखेच मासे घेतले असतील, तर डोळे मिटून सांगितले तरी निम्मी उत्तरे बरोबर येतील. म्हणून ‘६० टक्के मासे अचूक ओळखले’ हा निकाल ऐकायला बरा वाटला तरी फारसा भक्कम नसतो. शिवाय ज्या माशांवरून नियम बसवला त्यांच्यावरच तो तपासला, तर यश फुगून दिसते. नियम बसवताना न वापरलेल्या माशांवर तो टिकला, तरच त्याला वजन येते.

हिलसाबाबत काय हाती लागले?

बांगलादेशच्या पाण्यात हिलसाचे दोन प्रकार असल्याचे १९८४ मध्ये कुद्दूस, शिमिझू आणि नोसे यांनी शरीराची मापे आणि अवयवांची मोजणी यांवरून मांडले. हुगळीच्या मुखातही हिलसा वर्षातून दोन हंगामांत वर चढतो, एकदा पावसाळ्यात आणि एकदा हिवाळ्यात. हे एकाच समूहाचे दोन हंगाम की दोन वेगळे समूह, हा तेथला प्रश्न. या दोन हंगामांतील माशांच्या शरीराच्या ठेवणीत फरक असल्याचे अलीकडच्या एका अभ्यासात दिसले.

पण हा सारा पुरावा एकाच बाजूचा नाही. माशाच्या कानात चुन्याचा एक बारीक खडा असतो, त्याला ओटोलिथ म्हणतात. झाडाच्या खोडासारखी त्यावर वलये चढतात आणि मासा ज्या पाण्यात वाढला त्या पाण्यातली मूलद्रव्ये त्यात अडकून राहतात. २००१ मध्ये मिल्टन आणि चेनेरी यांनी हिलसाचे असे खडे तपासले. कुवेतसारख्या दूरच्या ठिकाणचा हिलसा बंगालच्या उपसागरातल्या हिलसापासून वेगळा पडला. मात्र बांगलादेशातल्या निरनिराळ्या ठिकाणचे मासे बरेचसे एकमेकांत मिसळणारे दिसले. २००४ मधील प्रथिनांच्या चाचणीचा कलही तसाच होता. म्हणजे माप म्हणत होते ‘प्रकार दोन’, आणि रसायन म्हणत होते ‘कळप एक’.

मग २०१९ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात एक जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. समुद्र, खाडी आणि नदी अशा सहा ठिकाणांहून घेतलेल्या १८० हिलसांच्या १५ हजारांहून अधिक जनुकीय खुणा त्यात तपासल्या होत्या. त्यातून तीन गट पुढे आले. एक समुद्र आणि खाडीतला, दुसरा वायव्येकडच्या गढूळ नद्यांचा आणि तिसरा ईशान्येकडच्या नितळ पाण्याच्या नद्यांचा. जुन्या चाचण्यांना जे बारीक फरक दिसत नव्हते, ते अधिक बारीक चाळणीत सापडले.

यावरून १९८४ चे दोन प्रकार आणि २०१९ चे तीन गट एकच, असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. मात्र हिलसा सरसकट एकसारखा नाही, ही शंका मोजपट्टीने आधी उपस्थित केली आणि जनुकांनी तिला नंतर बळ दिले, एवढे म्हणता येते.

निव्वळ ठेवणीवर किती विसंबावे?

फार नाही. शरीराची ठेवण जनुकांतून येते तशीच परिस्थितीतूनही येते. पिल्ले वाढत असताना पाणी किती गरम होते, प्रवाह किती जोराचा होता, खायला किती मिळाले, यांनुसार एकाच आईची पोरेही वेगळ्या अंगाची होऊ शकतात. शिवाय अंड्यांनी भरलेली मादी रुंद दिसते आणि अंडी घालून परतणारी तीच मादी शेलाटी. नर आणि मादी यांच्यात फरक, वयात फरक, बर्फात बरेच दिवस ठेवलेल्या माशात फरक. एका नदीतून पोटात अंडी असलेल्या माद्या घेतल्या आणि दुसरीतून अंडी घालून मोकळ्या झालेल्या, तर नसलेले समूहही कागदावर उभे राहतील. कोलकात्यातल्या ठोकताळ्याची अडचणही हीच आहे. रुंद मासा पद्मेचा असेलही, किंवा तो नुसताच चांगला पोसलेला असेल.

तरी ही पद्धत टिकून आहे, कारण ती परवडते. कॅमेरा, आलेखाचा कागद आणि एक संगणक असला की बंदरावर दिवसाला शेकडो मासे मोजता येतात, आणि मासा विक्रीलाही जातो. जनुकीय चाचणीला प्रयोगशाळा आणि दर माशामागे खर्च लागतो. म्हणून आता तिन्ही साधने एकत्र वापरण्याकडे कल आहे. मापे कोठे शोधायचे ते सुचवतात, कानातला खडा मासा कोठे वाढला ते सांगतो, आणि जनुके तो कोणत्या वंशातला ते सांगतात.

समूह ओळखले नाहीत तर काय बिघडते?

नुकसान होते आणि ते आकडेवारीत दिसत नाही, हा खरा धोका आहे. समजा तीन नद्यांचे मासे समुद्रात एकत्र पकडले जातात. एका नदीचा समूह निम्म्यावर आला आणि दुसरीला चांगले वर्ष लाभले, तर एकूण पकड तेवढीच राहते. कागदावर सारे आलबेल असते आणि एक नदी मात्र रिकामी होत जाते. ते कळते तेव्हा त्या नदीत परतणारा मासाच उरलेला नसतो.

उलट बाजूचे उदाहरण अलास्कातील ब्रिस्टल बे येथले. तेथील सॉकआय सामनमध्ये शेकडो छोटे समूह आहेत. कोणाला एखादे वर्ष वाईट जाते, कोणाला चांगले. २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनियल शिंडलर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, हे सारे मासे एकाच साच्यातले असते तर दरवर्षीचे चढउतार दुपटीहून अधिक झाले असते आणि मासेमारी बंद ठेवण्याची वेळ दहा पट वेळा आली असती. सगळे पैसे एकाच ठिकाणी न गुंतवण्याचा शहाणपणा तेथे निसर्गानेच केलेला आहे.

गंगेत हे गणित बिघडलेले दिसते. एके काळी हिलसा गंगेतून प्रयागराज, कानपूरपर्यंत जात असे. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला आणि ती वाट अडली. वरच्या भागातील हिलसाची मासेमारी जवळपास संपली. आता बॅरकपूर येथील केंद्रीय आंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था ‘नमामि गंगे’ कार्यक्रमाखाली फराक्काच्या वर जिवंत हिलसा सोडते. बंधाऱ्यातील जहाजांच्या दरवाजातून माशांना ठरावीक वेळी वाट देण्याची योजनाही आखली गेली. येथेच अंगकाठीचा प्रश्न व्यवहारात उतरतो. शेकडो किलोमीटर वर चढणारा समूह वेगळा होता आणि तोच संपला असेल, तर मुखाजवळच अंडी घालणारे मासे उचलून वर सोडल्याने ते प्रयागराज गाठतीलच असे नाही. सोडण्यापूर्वी मासा कोणत्या हंगामातला आणि कोणत्या ठेवणीचा, याची नोंद ठेवली तर कोणता प्रयोग फळला हे पुढे कळेल.

महाराष्ट्र आणि गुजरातशी याचा काय संबंध?

हिलसा बंगालचाच, हा समज पुरता खरा नाही. अरबी समुद्रातून तो नर्मदा आणि तापीतही शिरतो. भरूचच्या मच्छीमारांचे पावसाळी उत्पन्न नर्मदेच्या हिलसावर अवलंबून असते. नर्मदेच्या मुखाजवळ भाडभूत येथे होणाऱ्या बंधाऱ्याची पायाभरणी ऑक्टोबर २०१७ मध्ये झाली. गोडे पाणी साठवणे आणि खारे पाणी आत येण्यापासून रोखणे, हे त्याचे उद्दिष्ट. माशाची वाट त्यामुळे मुखाशीच बंद होईल, हा भरूचच्या मच्छीमारांचा आक्षेप आहे.

तापीवरचे उदाहरण आणखी वेगळे. उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी मागे नंदुरबार जिल्ह्यापर्यंत पसरते. या जलाशयात समुद्राला न जाता गोड्या पाण्यातच राहणारा हिलसा असल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे. ज्याचे सारे जगणेच समुद्र आणि नदी यांच्यातल्या येरझाऱ्यांवर बेतलेले, तो मासा कोंडला गेल्यावर त्याची अंगकाठी कशी बदलते, हे पाहण्यासाठी यापेक्षा सोयीची जागा शोधून मिळणार नाही.

या पद्धतीचा अनुभव मुंबईलाही आहे. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतील संशोधकांनी हीच ‘ट्रस’ जाळी बोंबलावर वापरून पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या माशांची तुलना केली आणि ठेवणीतले फरक नोंदवले. मऊ अंगाच्या बोंबलावर जे जमले, ते खवल्यांच्या टणक हिलसावर जमवणे कठीण नाही.

पुढे काय?

भारत आणि बांगलादेश यांनी समुद्रातल्या बंदीच्या तारखा जवळ आणल्या, हे चांगलेच झाले. पण तारखा जुळवणे हे पहिले काम होते. एकाच २२ दिवसांच्या बंदीने पावसाळ्यातला समूह वाचेल, हिवाळ्यात वर चढणारा नाही. जाळ्याच्या आसाचे आणि लांबीचे नियमही रुंद आणि शेलाट्या माशांना सारखे लागू पडत नाहीत; लांबी तीच असली तरी शेलाटा मासा ज्या आसातून निसटतो, त्यात रुंद मासा अडकतो.

त्यासाठी दोन्ही देशांनी सारख्याच खुणांवर, सारख्याच पद्धतीने, वर्षभर मासे मोजून नोंदी एकत्र ठेवाव्या लागतील. आज प्रत्येक अभ्यासात खुणा वेगळ्या, हंगाम वेगळा, आणि मासे घेतलेली ठिकाणेही वेगळी असतात. त्यामुळे हुगळीचा आकडा मेघनेच्या आकड्याशेजारी मांडता येत नाही. भरूच आणि उकाईचे मासे या नोंदीत आले, तर भाडभूतचा बंधारा पूर्ण होण्याआधीची नर्मदेच्या हिलसाची मापे तरी हाताशी राहतील. फराक्काच्या वेळी अशा नोंदी पुरेशा नव्हत्या, म्हणून प्रयागराजला जाणारा हिलसा नेमका कोणत्या घराण्यातला होता, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.